जुन्या पिकअपचे स्टिअरिंग ढिले झाले? धान हंगामापूर्वी करावयाची तपासणी व दुरुस्ती

भंडारा जिल्ह्यातील कोंढा, अड्याळ, पवनी या चौरास पट्ट्यात धानाची पोती खरेदी केंद्रावर नेणे, भाजीपाला भंडारा किंवा नागपूरच्या बाजारात पोहोचवणे, खताच्या बॅगा शेतापर्यंत आणणे ही कामे मुख्यतः छोट्या पिकअप गाड्यांवर चालतात. यातील अनेक गाड्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताच्या असतात. पावसाळ्यात त्या पांदण रस्त्याच्या चिखलातून जातात आणि लगेच हंगामात पूर्ण भाराने डांबरी रस्त्यावर धावतात. या वापरात सर्वांत आधी झिजतात ते स्टिअरिंगचे सांधे.

स्टिअरिंग एका दिवसात ढिले होत नाही. चालकाचा हात थोडी थोडी सवय करून घेतो आणि “गाडी जुनी आहे, एवढा प्ले चालायचाच” असे म्हणून काम पुढे ढकलले जाते. बांधीच्या कडेला २० कि.मी. वेगाने हे चालून जाते. भरलेली गाडी ६० कि.मी. वेगाने रस्त्यावर असताना मात्र एका सेकंदात जवळपास १७ मीटर अंतर कापते. समोरून ट्रॅव्हल्स आली, रस्त्यात जनावर आले, तर स्टिअरिंगचा रिकामा फेर संपेपर्यंत गाडी तशीच सरळ जात राहते. म्हणून पिकावर फवारणी करण्याआधी जसे आपण कीड कोणती ते ओळखतो, तसेच स्टिअरिंग ढिले असेल तर आधी दोष नेमका कोठे आहे ते ओळखावे व मगच पाना हातात घ्यावा.

थोडक्यात महत्त्वाचे

- स्टिअरिंगचा प्ले मोजता येतो. दोरी, खडू आणि मोजपट्टी एवढेच साहित्य पुरते.
- बहुतेक वेळा दोष टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक, किंगपिन किंवा सैल झालेल्या नट-बोल्टमध्ये सापडतो. स्टिअरिंग बॉक्सचा क्रमांक शेवटी लागतो.
- बॉक्सवरील स्क्रू आवळून प्ले “घालवणे” हा उपाय नाही. त्याने मूळ दोष झाकला जातो.
- झिजलेला बॉल जॉइंट वेल्डिंग करून किंवा ठोकून पुन्हा वापरू नये.
- सांधे बदलल्यानंतर चाकांचे अलाइनमेंट केलेच पाहिजे.

आधी लक्षण नीट ओळखा

“स्टिअरिंग खराब आहे” एवढ्यावर मेकॅनिकला दोष सापडत नाही. पुढीलपैकी नेमके काय होते ते सांगावे.

१. रिकामा फेर (प्ले): स्टिअरिंग फिरवले तरी सुरुवातीला चाक हलत नाही. सांधे, कपलिंग, बॉक्स किंवा रॅक तपासावा.

२. गाडी एका बाजूला ओढते: टायरमधील कमी-जास्त हवा, एका चाकाचा ब्रेक धरणे, अलाइनमेंट बिघडणे किंवा पुढचा एक्सल सरकणे ही कारणे असतात.

३. ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरते: चाकाचा बॅलन्स, वाकलेली रिम, टायरला आलेला फुगा तपासावा. खड्ड्यातून गेल्यावर दोन्ही चाके जोरजोरात फडफडू लागली, तर किंगपिन, व्हील बेअरिंग व टाय रॉड एंड लगेच तपासावेत.

४. स्टिअरिंग जड झाले: ग्रीसचा अभाव, टायरमध्ये कमी हवा, पॉवर स्टिअरिंग असल्यास ऑइल कमी होणे किंवा बेल्ट सैल होणे. हा प्लेचा दोष नाही, परंतु दोन्ही दोष एकाच गाडीत असू शकतात.

५. फक्त माल भरल्यावर गाडी “पोहते”: मागे जास्त भार, सैल झालेले यू-बोल्ट, झिजलेले कमानपाट्यांचे बुश किंवा मागच्या टायरमधील कमी हवा.

स्टिअरिंगची रचना समजून घ्या

आपल्याकडील पिकअप गाड्यांत मुख्यतः दोन प्रकार दिसतात.

*बॉक्स प्रकार:* स्टिअरिंगचा दांडा खाली एका लोखंडी पेटीत (स्टिअरिंग बॉक्स) जातो. पेटीतून बाहेर आलेला ड्रॉप आर्म पुढे-मागे किंवा आडवा हलतो. तो ड्रॅग लिंक ढकलतो व त्यामुळे एक चाक वळते. दुसरे चाक टाय रॉडने पहिल्याला जोडलेले असते. अखंड पुढचा एक्सल व कमानपाटे असलेल्या गाड्यांत ही रचना असते आणि तेथे चाक किंगपिनवर फिरते.

*रॅक प्रकार:* दोन चाकांच्या मध्ये आडवी लांब नळी असते. तिच्यातील दातेरी दांडा डावीकडे-उजवीकडे सरकतो. दोन्ही टोकांना रबरी बेलो व टाय रॉड असतात. येथे चाक बहुधा बॉल जॉइंटवर फिरते.

बॉनेट उघडून व गाडीखाली डोकावून आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे ते पाहून घ्यावे. पुढील तपासणी दोन्ही प्रकारांना लागू पडते. फक्त सांध्यांची संख्या बदलते. बॉक्स प्रकारात सांधे जास्त असतात. प्रत्येक सांध्यातील थोडी थोडी झीज एकत्र होऊन स्टिअरिंगवर मोठा प्ले दिसतो.

प्ले मोजण्याची पद्धत

१. गाडी सपाट, कडक जागेवर उभी करावी. पुढची चाके सरळ ठेवावीत. हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रल ठेवावा व मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत.

२. साधे स्टिअरिंग असल्यास इंजिन बंद ठेवावे. पॉवर स्टिअरिंग असल्यास इंजिन सुरू ठेवूनच मोजावे, नाहीतर माप चुकीचे येते.

३. डॅशबोर्डवर एक तार चिकटवून तिचे टोक स्टिअरिंगच्या कडेपाशी आणावे.

४. मदतनीसाने पुढच्या चाकाकडे पाहत राहावे. स्टिअरिंग हळूहळू डावीकडे न्यावे. चाक हलायला लागताच थांबून कडेवर खडूची खूण करावी. तसेच उजवीकडे करावे.

५. दोन खुणांमधील अंतर कडेवरून मोजावे. हा आपल्या गाडीचा एकूण प्ले.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार हा रिकामा फेर स्टिअरिंगवर ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. अंश मोजण्याचे साधन नसेल तर सोपा हिशेब करावा. स्टिअरिंगच्या कडेभोवती दोरी गुंडाळून परीघ मोजावा व त्याला १२ ने भागावे. येणारे अंतर म्हणजे ३० अंश. ३८ सें.मी. व्यासाच्या स्टिअरिंगसाठी हे अंतर सुमारे १० सें.मी. भरते.

मात्र १० सें.मी. ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे. ती चांगल्या गाडीची खूण समजू नये. व्यवहारात बॉक्स प्रकारात २ ते ३ सें.मी. प्ले असल्यास काळजी नसते. ५ सें.मी. च्या पुढे गेल्यास माल भरण्याआधी दोष शोधावा. रॅक प्रकारात प्ले याहूनही कमी असायला हवा. मोजलेला आकडा व तारीख गाडीच्या वहीत लिहून ठेवावी. महिन्याभरात आकडा वाढला, तर कोठेतरी सांधा वेगाने झिजत आहे असे समजावे.

दोष शोधण्याचा क्रम

*पायरी १ : सोप्या गोष्टी आधी*

- चारही टायरमधील हवा गार असताना मोजावी. दोन्ही पुढच्या टायरमध्ये सारखी हवा असावी.
- टायर एका कडेने झिजला आहे का पाहावे. आतली किंवा बाहेरची कड झिजली असल्यास अलाइनमेंट किंवा सांध्यांचा दोष असतो.
- चाकांचे नट, कमानपाट्यांचे यू-बोल्ट आणि स्टिअरिंग बॉक्स चेसिसला ज्या बोल्टने बसवला आहे ते बोल्ट आवळलेले आहेत का पाहावे.
- बॉक्सच्या बैठकीजवळ चेसिसला तडा गेला आहे का, हे कापडाने पुसून टॉर्चच्या उजेडात पाहावे. जुन्या गाडीत ही जागा हमखास दुर्लक्षित राहते.

*पायरी २ : हलवून पाहण्याची चाचणी*

चाके जमिनीवरच ठेवावीत. मदतनीसाने स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे छोट्या झटक्यांनी हलवत राहावे. आपण वरून खाली एकेका सांध्यावर हात ठेवत जावे. क्रम असा ठेवावा: दांड्यावरील क्रॉस किंवा रबर कपलिंग, बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंकची दोन टोके, टाय रॉडची दोन टोके. रॅक असल्यास रॅकची रबरी बैठक व दोन्ही बाजूंचे आतले-बाहेरचे सांधे.

एका बाजूचा भाग हलतो, पण त्याच्या पुढचा भाग उशिरा हलतो, अशी जागा सापडली की दोष तेथे आहे. बोटांना “टक” असा धक्का जाणवतो. बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट फिरतो पण ड्रॉप आर्म स्थिर राहतो, असे दिसले तरच बॉक्सकडे वळावे. इंजिन सुरू असल्यास हात, दुपट्टा, गमछा बेल्ट व पंख्यापासून लांब ठेवावा.

*पायरी ३ : चाक उचलून चाचणी*

पुढचे चाक जॅकने उचलावे व एक्सलखाली किंवा चेसिसखाली मजबूत घोडी लावावी. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. विटा रचून आधार देऊ नये, कारण वीट अचानक फुटते.

- चाक घड्याळातील १२ व ६ च्या जागी धरून हलवावे. हालचाल जाणवल्यास मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर व्हील बेअरिंग सैल आहे. तरीही हालचाल राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट झिजला आहे.
- चाक ९ व ३ च्या जागी धरून हलवावे. येथील हालचाल प्रामुख्याने टाय रॉड एंडची असते.
- चाक हाताने फिरवावे. खरखर किंवा घरघर असा आवाज आल्यास बेअरिंग बदलावे लागेल.

दोषानुसार दुरुस्ती

*टाय रॉड एंड व ड्रॅग लिंक*

हा सर्वांत जास्त आढळणारा दोष आहे. सांध्यावरचे रबरी बूट फाटले की बांधीतील गाळ व पाणी आत जाते. गाळातील बारीक रेतीचे कण ग्रीसमध्ये मिसळून सांधा सहाणेसारखा घासतात. वर नमूद केलेल्या नियम ९८ मध्ये बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या असाव्यात असे सांगितले आहे, त्यामागे हेच कारण आहे.

- बूट नुकताच फाटला असून सांध्यात हालचाल नसेल, तर सांधा साफ करून नवा बूट व ग्रीस भरता येते. सांधा ढिला असेल तर तो बदलावाच.
- जुना एंड काढण्यापूर्वी टाय रॉडची लांबी मोजून ठेवावी व एंड काढताना किती फेरे लागले ते मोजावे. नवा एंड तेवढेच फेरे आत बसवावा. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात हे लक्षात ठेवावे.
- पिन काढण्यासाठी पुलर वापरावा. आट्यांवर हातोडा मारू नये.
- नट कंपनीने दिलेल्या मापाने टॉर्क रेंचने आवळावा. स्प्लिट पिनचे छिद्र जुळत नसेल तर नट थोडा अधिक आवळून जुळवावे. छिद्र जुळवण्यासाठी नट सैल करू नये.
- स्प्लिट पिन दरवेळी नवीन लावावी. तिच्याऐवजी खिळा किंवा बांधणीची तार लावण्याची पद्धत जीवघेणी आहे. पिन गळून पडली की नट सुटतो आणि चाक स्टिअरिंगपासून मोकळे होते.
- वाकलेला टाय रॉड गॅसवर तापवून सरळ करू नये. तापलेल्या जागी लोखंडाची ताकद बदलते व तो पुढे अचानक तुटू शकतो.

*किंगपिन व बॉल जॉइंट*

किंगपिनचे बुश बसवणे हे वर्कशॉपचे काम आहे. नवा बुश दाबून बसवल्यानंतर रीमरने मापात आणावा लागतो. पिन, बुश व थ्रस्ट बेअरिंग एकाच वेळी बदलावेत. एका बाजूची झीज जास्त दिसली तरी दुसरी बाजू तपासून घ्यावी. किंगपिनला ग्रीस देताना चाक जमिनीवरून उचलून द्यावे. भार असताना ग्रीस खालच्या घासणाऱ्या भागापर्यंत पोहोचत नाही.

रॅकच्या गाडीतील खालचा बॉल जॉइंट झिजला असल्यास त्यावर गाडी चालवू नये. तो निसटला तर चाक बाहेर पडून गाडी बसते.

*व्हील बेअरिंग*

बेअरिंगला खड्डे, निळसर डाग किंवा गंज नसेल, तर ते धुऊन, वाळवून नवीन ग्रीस व नवीन सील घालून पुन्हा बसवता येते. नट आवळताना चाक फिरवत राहावे व शेवटी मॅन्युअलप्रमाणे नट किंचित मागे घेऊन लॉक करावा. फार घट्ट बेअरिंग तापून जळते. दुरुस्तीनंतर काही कि.मी. चालवून हब हाताने तपासावा. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागला तर नट पुन्हा पाहावा.

*कपलिंग, यू-बोल्ट व बुश*

दांड्यावरील क्रॉस ढिला असेल किंवा रबर कपलिंग चिरले असेल तर बदलावे. यू-बोल्ट सैल असल्यास एक्सल पाट्यांवर सरकतो व सेंटर बोल्ट तुटू शकतो. त्यामुळे स्टिअरिंग ठीक असूनही गाडी भरकटते. शॅकलचे बुश झिजल्यासही असेच होते. हे भाग तुलनेने स्वस्त असतात व त्यांच्या बदलाने मोठा फरक पडतो.

*स्टिअरिंग बॉक्स*

वरील सर्व सांधे ठीक आहेत याची खात्री झाल्यावरच बॉक्स हातात घ्यावा. प्रथम बॉक्समधील ऑइलची पातळी पाहावी. ऑइल कमी असेल तर सील गळत आहे का ते तपासावे. ऑइल कोणत्या दर्जाचे घालायचे ते मॅन्युअलमध्ये दिलेले असते. पॉवर स्टिअरिंगमध्ये साधे गिअर ऑइल घालू नये.

बॉक्सवर लॉकनट असलेला समायोजन स्क्रू असतो. बॉक्सचे दाते मधल्या जागी, म्हणजे गाडी सरळ चालताना, सर्वांत जास्त झिजतात. म्हणूनच मधल्या जागी अंतर मुद्दाम सर्वांत कमी ठेवलेले असते. समायोजन करताना पुढील काळजी घ्यावी.

- पुढची चाके उचलून घोडीवर ठेवावीत किंवा ड्रॅग लिंक सोडवावी. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजावेत व बरोबर मध्यावर आणावे.
- लॉकनट सैल करून स्क्रू एका वेळी फक्त १/८ फेरा आवळावा. लॉकनट धरून पुन्हा तपासावे.
- दरवेळी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. मध्यावर जरासुद्धा अडकत असेल तर स्क्रू मागे घ्यावा.
- वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येण्याकडे झुकले पाहिजे. तसे येत नसेल तर बॉक्स जास्त आवळला आहे.

चाके वळलेली असताना स्क्रू आवळला तर सरळ जागी आल्यावर बॉक्स अडकतो. चालत्या गाडीत असे होणे प्लेपेक्षा जास्त धोक्याचे आहे. एक-दोन वेळा थोडे आवळूनही प्ले कमी होत नसेल, तर दाते, बॉल किंवा बेअरिंग झिजले आहेत. तेव्हा बॉक्स उघडून दुरुस्त करणे किंवा बदलणे एवढाच मार्ग उरतो. ड्रॉप आर्म काढण्याआधी शाफ्टवर व आर्मवर सरळ रेषेत खूण करावी, नाहीतर बसवताना एक दात चुकून स्टिअरिंग तिरपे राहते.

अलाइनमेंट विसरू नये

कोणताही टाय रॉड एंड, किंगपिन किंवा बॉल जॉइंट बदलल्यावर अलाइनमेंट करावे. गावातून मशीनपर्यंत गाडी नेण्यापुरती खात्री घरी करता येते. दोन्ही पुढच्या टायरच्या मधोमध, एक्सलच्या उंचीला, पुढच्या बाजूने खडूची खूण करावी व दोन खुणांमधील अंतर मोजावे. मग गाडी पुढे ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूला आणाव्यात व अंतर पुन्हा मोजावे. दोन मापांतील फरक म्हणजे टो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपमध्ये बहुधा पुढचे अंतर काही मि.मी. कमी ठेवलेले असते. नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा. दोन मापांत सेंटिमीटरच्या पटीत फरक असेल तर एंडचे फेरे चुकले आहेत.

भार मोजूनच भरा

मागे प्रमाणाबाहेर माल भरला की पुढची चाके हलकी होतात. सांधे नवे असले तरी स्टिअरिंग पकड सोडते. भार किती भरावा ते आरसी बुकवरून काढता येते. गाडीच्या कमाल एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करावे व त्यातून चालक आणि सोबत्याचे वजन कमी करावे.

उदाहरणार्थ, कमाल वजन २७०० किलो व रिकामे वजन १५०० किलो असेल तर १२०० किलो उरतात. दोन माणसांचे १५० किलो वजा केले की १०५० किलो राहतात. म्हणजे ४० किलोची २६ पोती. “अजून दहा पोती बसतात” म्हणून ४०० किलो जास्त चढवले, तर तो भार कमानपाटे, टायर व स्टिअरिंग तिघांवर येतो. पोती डाल्यात पुढून मागे सारखी लावावीत. फक्त मागच्या फाळक्याकडे थप्पी रचू नये.

रोवणी आणि कापणीच्या दिवसांत मजूर बायांना डाल्यात बसवून नेण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. मालवाहू वाहनातून प्रवासी नेण्यास परवानगी नाही. अपघात झाला तर विम्याची भरपाई मिळण्यातही अडचण येते. पण त्याआधीचा प्रश्न जिवाचा आहे. भाताच्या पेंढ्या कलंडल्या तर उचलता येतात. डाल्यात बसलेल्या माणसाला धरायला काहीही नसते.

हंगामानुसार देखभाल

- मे अखेर : रोवणीपूर्वी सर्व बूट तपासावेत, फाटलेले बदलावेत व सर्व निप्पलना ग्रीस द्यावे. जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत भरावे.
- जुलै-ऑगस्ट : खोल चिखलातून गाडी गेल्यावर सांधे कमी दाबाच्या पाण्याने धुवावेत. प्रेशरच्या पाण्याची धार बुटावर मारू नये, पाणी आत शिरते. नंतर ग्रीस द्यावे.
- खत वाहतुकीनंतर : सांडलेला युरिया व पोटॅश हवेतील ओलावा ओढून घेतात व लोखंडाला गंज चढवतात. डाला, चेसिस व खालचे सांधे त्याच दिवशी धुवावेत.
- ऑक्टोबरचा पहिला आठवडा : धान कापणीपूर्वी वर दिलेली पूर्ण तपासणी करून प्लेचा आकडा नोंदवावा.
- मार्च अखेर : उन्हाळी धानाच्या वाहतुकीपूर्वी तीच तपासणी पुन्हा करावी.

मालवाहू गाडीचे वय ८ वर्षांपर्यंत असल्यास फिटनेस प्रमाणपत्राचे नूतनीकरण २ वर्षांसाठी व त्यापेक्षा जुन्या गाडीचे दरवर्षी करावे लागते. एमएच-३६ पासिंगच्या जुन्या गाडीची तारीख ऐन कापणीत येत असेल, तर स्टिअरिंगचे काम एक महिना आधी उरकावे.

गाडी लगेच उभी करावी अशी लक्षणे

- प्ले एकाच दिवसात अचानक वाढला.
- वळवताना “खट्” असा मोठा आवाज येतो किंवा स्टिअरिंग मध्येच अडकते.
- स्प्लिट पिन किंवा नट जागेवर नाही.
- गाडी खड्ड्यात किंवा नालीत आपटल्यानंतर स्टिअरिंग तिरपे झाले.

अशी गाडी दोरीने ओढून नेऊ नये, कारण ओढतानाही स्टिअरिंगची गरज असते. मेकॅनिकला जागेवर बोलवावे किंवा दुसऱ्या वाहनावर चढवून न्यावी. चालत्या गाडीत स्टिअरिंग अचानक ढिले झाल्यास ॲक्सिलरेटर सोडावा, इंडिकेटर लावावेत, खालचा गिअर घ्यावा व ब्रेक हळूहळू दाबत गाडी कडेला घ्यावी. जोरात ब्रेक मारल्यास गाडी फेकली जाते.

कृषी सहायक व शेतकरी गटांसाठी

हंगामपूर्व सभेत बियाणे व खताच्या माहितीसोबत अर्ध्या तासात प्ले मोजण्याचे प्रात्यक्षिक घेता येते. गावातील एका मेकॅनिकला सोबत घ्यावे. प्रत्येक गाडीचा प्ले, फाटलेले बूट, गळालेल्या पिना व फिटनेसची तारीख एका वहीत नोंदवावी. चार-पाच गाड्यांचे काम एकत्र निघाल्यास सुटे भाग एकाच फेरीत आणता येतात. दुकानातून भाग घेताना गाडीचे मॉडेल व वर्ष सांगावे, जुना भाग सोबत न्यावा व पक्के बिल घ्यावे.

हीच तपासणी ट्रॅक्टरलाही उपयोगी पडते. तेथे पुढच्या एक्सलच्या मधल्या पिनचा ढिलेपणा जादा तपासावा.

दुरुस्तीनंतर पहिली फेरी रिकाम्या गाडीने, मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगाने मारावी. परत आल्यावर उघडलेला प्रत्येक नट व पिन पुन्हा पाहावी, प्ले मोजून वहीत लिहावा आणि त्यानंतरच डाल्यात पहिले पोते चढवावे.